दातवाले टायर

रस्ता डोळ्यांनी बघायचा नसतो, असं आमच्या मामांचं म्हणणं होतं. तो पायांनी बघायचा. म्हणून वाट जराशी संशयास्पद दिसली की ते जीप थांबवत, इंजिन बंद करत आणि खाली उतरून अनवाणी चालू लागत. शंभर पावलं पुढे, शंभर पावलं मागे. मी आत बसून उन्हात शिजत असे. परत आले की स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून निकाल सांगत, "वरनं कडक हाय बाई, पर आतनं पोकळ हाय. मानसावानी." मग कुठे पहिला गिअर पडे. आपण जगातलं सगळं शिकून आलोय असं वाटण्याचं माझं ते वय. असल्या ड्रायव्हरचा मला किती संताप येत असेल, याची कल्पना करा.

मामा आमच्या आरोग्य केंद्राची जीप चालवत. केंद्र पाथर्डी तालुक्यातल्या एका गावात होतं आणि डॉक्टर म्हणून माझी ती पहिली नेमणूक. साल बहात्तरचं, म्हणजे दुष्काळ ऐन भरात. मामा माझ्या दुप्पट वयाचे, काष्टीकडच्या काळ्या रानात वाढलेले आणि पलटणीत बरीच वर्षं ट्रक हाकून आलेले. केंद्रात सगळेच त्यांना मामा म्हणत, मग मीही म्हणू लागले. ते मला नुसतं बाई म्हणत.

आपल्याकडे शेतकऱ्याच्या करदोट्याला काटा काढायचा चिमटा असतो. मामांच्याही होता, फक्त तो त्यांच्या पायांसाठी नव्हता. रोज संध्याकाळी ते एकेका चाकापाशी उकिडवे बसत आणि टायरच्या खाचांतून बाभळीचे काटे नि बारीक खडे वेचून काढत. आमची आयाबाई चहा आणून शेजारी ठेवी. चौथं चाक होईस्तोवर तो पार निवून जाई. मग निवलेला चहा पिऊन मामा तिलाच बोलत, की या केंद्रात कधी गरम चहा म्हणून मिळत नाही.

त्या काळी आमच्या भागात निम्मी माणसं जुन्या टायरच्या वहाणा घालत. मामांनी जन्मात घातल्या नाहीत. "ज्यानं जल्मभर आपल्याला वाहून न्हेलं, त्याला मेल्यावर पायाखाली घ्याचं व्हय?" असं ते विचारत, आणि समोरचा माणूस बिचारा आपल्याच पायांकडे बघत राही. आमच्या कंपाउंडरनं एकदा बुटाची नाडी बांधायला टायरवर पाय ठेवला, तर मामा त्याच्याशी दोन दिवस बोलले नाहीत. गावातल्या कुत्र्यांशी त्यांचं उभं वैर होतं. का, ते सांगायला नको.

त्या वर्षी दिवाळीनंतर आमच्या जीपला नवे टायर मंजूर झाले. जुन्यांचं रबर झिजून आतलं कापड दिसायला लागलं होतं. ते आणायला आम्ही करंजीचा घाट उतरून नगरच्या सरकारी स्टोअरला गेलो. तिथे दोन जातीचे टायर होते. एक साध्या नक्षीचे, सडकेवर आणि दगडावर चालायला चांगले. दुसरे जाड, खोल दातांचे, चिखलात गाडी रुतू नये म्हणून केलेले. आमच्या तालुक्यात तेव्हा चिखल औषधालाही नव्हता. पाच मिनिटांचं काम होतं.

मामांनी दोन तास घेतले. त्यांनी टायर आडवे केले, उभे केले, कलिंगड वाजवतात तसे टिचक्या मारून वाजवले. वास घेतला. एकाच्या दातात नख रुतवून डोळे मिटून उभे राहिले. आणि सरतेशेवटी चारही टायर दातवाले काढून बाजूला ठेवले.

स्टोअरकीपर हसायला लागला. "अहो मामा, तुमच्याकडे प्यायचं पाणी टँकरनं येतंय. चिखल काय थुंकून करणार?"

"टायर तीन वर्सं चालतं, सायेब," मामा शांतपणे म्हणाले. "तीन वर्सं पाऊस पडनार न्हाई, आसं लिहून देता का?"

लिहून द्यायचं म्हटल्यावर सरकारी माणसानं घाईघाईनं शिक्का मारला. त्यानं कागद माझ्यापुढे सरकवला. आता खरं सांगते. टायरमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं, आणि नगरला एका खाणावळीत एक वाजायच्या आत गेलं तरच ताटात भाजी मिळायची. पाऊण वाजला होता. मी सही ठोकली.

परतताना घाट चढून आल्यावर मामांनी गाडी बाजूला घेतली. मी म्हटलं, आता काय, पुन्हा चालायला उतरतात की काय. पण ते बसूनच राहिले आणि समोर बघत बोलू लागले. चार सालांमागची गोष्ट. वरच्या वस्तीवरची एक बाळंतीण अडली होती, तिला घेऊन ते निघाले होते. भर पावसाळा. वस्तीच्या अलीकडे फर्लांगभर काळवट लागते, म्हणजे नुसती काळी चिकट माती. तिथे गाडी बसली. टायर साधे होते.

"चाक जागच्या जागी फिरत हुतं, बाई. फिरत हुतं आन् खाली जात हुतं. ती तितंच गेली. पोटातलं बी गेलं. मी उतरून पायानं बघितलं न्हवतं."

मग त्यांनी गाडी सुरू केली. माझा त्यांच्यावरचा राग तिथेच संपला, असं लिहिलं तर छान दिसेल, पण तसं झालं नाही.

कारण दातवाले टायर कडक रस्त्यावर भुंग्यासारखे घुमतात. जीपमध्ये बोललेलं ऐकू येईना. त्यातून मामांनी नवंच खूळ काढलं. दगडावर दात झिजतात, आणि दात तर पावसासाठी राखून ठेवायचे. म्हणून खडकाळ वाट आली की ते जीप थांबवत. "उतरा बाई. दगड हाय. वजन कमी व्हऊ द्या." मी औषधांची पेटी घेऊन पायी, आणि माझ्यामागून रिकामी जीप गोगलगायीसारखी. महिन्याभरात माझं नाव पायी डॉक्टर पडलं. मामांचं नाव पडलं चिखलमामा.

परवा माझ्या लेकानं नवी दांडगी गाडी घेतली, तिला टायर बघायला मला बरोबर नेलं. दुकानातला मुलगा सांगत होता, आजी, हे सगळ्या ऋतूंचे टायर, ऊन असो, पाऊस असो, काही बघायलाच नको. मला मामा आठवले. ते म्हणाले असते, "सगळ्या ऋतूंचं टायर नसतंय बाई. कुनातरी एकावर भरवसा ठेवावा लागतोय." मी हे लेकाला सांगितलं नाही. त्यानं गूगलवर बघून ठरवलंच होतं.

तर, वरच्या वस्तीकडे जाणाऱ्या वाटेवरच तेव्हा दुष्काळी काम निघालं होतं. पक्का रस्ता करायचा होता. निम्म्याहून जास्त मजूर बाया, दिवसभर बसून खडी फोडायच्या. आठवड्यातून दोनदा मी तिथे जाई. ठेचलेली बोटं, डोळ्यांत गेलेल्या कपच्या, उन्हानं आलेल्या घेऱ्या. त्या बायांत वरच्या वस्तीवरची एक आक्का होती, काटक, तोंडाची फटकळ. जीप दिसली की ती हातोडी थांबवून ओरडे, "मामा, कधी लागायचा चिखल?"

"लागंल," मामा म्हणत. दुसरं काही म्हणत नसत.

सगळ्या बाया हसायच्या. मीही हसायचे. त्या वर्षी हसायला तेवढंच होतं. आक्काची सून पोटुशी होती, पहिलीच खेप. ती एकदा उठून आली आणि टायरच्या दातांमधल्या खाचेत बोट घालून बघू लागली. बोटाचं अर्धं पेर आत गेलं. "लई खोल हाय की," ती म्हणाली. तेव्हापासून तो रिवाजच पडला. जीप आली की कुणीतरी येऊन बोट घालून मोजायचं आणि बाकीच्यांना सांगायचं.

होळीनंतर हसणं कमी झालं. विहिरींत गाळही उरला नव्हता. पण आक्काचा प्रश्न चुकला नाही, मामांचं उत्तर चुकलं नाही आणि बोट घालणंही चुकलं नाही. चैत्र सरताना खाचेत नुसतं नखच बुडू लागलं. मला पायी चालवून चालवूनसुद्धा दगड आपलं काम करत होता.

वैशाखात एका दुपारी मामांनी मला असंच उतरवलं. मैलभर चालल्यावर माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी वाटेतच मटकन बसले. खडीवरच्या एका बाईनं तिच्या लोट्यातलं पाणी मला पाजलं. तिला दिवसभर पुरवायचं होतं ते पाणी. ते मी प्यायले, आणि लाजेनं असं काही डोकं फिरलं की केंद्रात परतल्याबरोबर मी टायर बदलून मागायचं पत्र लिहायला घेतलं.

बांधकाम खात्याच्या ओव्हरसियरची जीप लवकरच अकोले तालुक्यात जाणार होती. तिकडे सह्याद्रीतला पाऊस, आणि त्याच्या गाडीला टायर साधे. अदलाबदल दोघांच्याही सोयीची होती. वरून मंजुरी आली. मी मामांना सांगितलं.

"पाडव्याला पंचांग वाचून घेतलंय मी," ते म्हणाले. "यंदा आर्द्राचं वाहन म्हैस निघालंय. म्हैस आली म्हंजी पानी येनार. आर्द्रापतुर थांबा, बाई."

पावसाचं नक्षत्र कोणत्या जनावरावर बसून येतं ते पंचांगात बघून माणसं पेरणी ठरवतात, हे मला ठाऊक होतं. टायर ठरवणारा हा पहिलाच. "मागच्या वर्षी काय वाहन होतं?" मी विचारलं.

"हत्ती," ते खाली बघत म्हणाले.

"आणि किती पडला?"

मामा करदोट्याचा चिमटा चाचपू लागले. मला दया आली, म्हणून मी मृग संपेपर्यंतची मुदत दिली. त्याच्या पुढे एक दिवस नाही, असंही बजावलं. त्या दिवसापासून ते मला बाई म्हणेनासे झाले. मॅडम म्हणू लागले. आमच्या केंद्रात हा शब्द शिवीच्या फार जवळचा होता.

मृग कोरडा गेला. ठरल्या दिवशी सकाळी ओव्हरसियरची जीप आमच्या आवारात येऊन उभी राहिली. मामांनी स्वतःच जॅक आणला, पुढच्या चाकाखाली लावला आणि मान खाली घालून बसून राहिले. एवढ्यात फाटकातून दहाबारा बाया आत आल्या. पुढे आक्का. तीन कोस चालत आल्या होत्या, म्हणजे दिवसाची मजुरी बुडवून.

"टायर काढताय म्हनं," आक्का मला म्हणाली.

"हो. साधे बसवायचेत."

"मंग तुमाला काय कळलं आसंल. सरकारचा कागद आलाय का, पाऊस न्हाई म्हनून?"

मी म्हटलं, असा कागद कसा येईल.

"न्हाई, आला आसंल तर सांगा. आमी दर खेपंला त्याच्यात बोट घालून बघतो, अजून हाय म्हनतो आन् दगडाला बसतो. मामानं काढलं म्हंजी त्याला बी न्हाई वाटत, आसंच झालं की. काढा, तुमची गाडी हाय. पर आमाला सांगून काढा, म्हंजी आमी बी बघायचं सोडतो."

एवढं बोलून ती पायरीवर बसली. तिनं डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. मला मात्र आत जाऊन पाणी प्यावं लागलं. बाहेर आले तर ओव्हरसियर हसत होता. "डॉक्टर, तुम्ही शिकलेल्या. टायर म्हणजे काय देव आहे का?" मी त्याला म्हटलं, "देव नाही. माझ्या जीपचे टायर आहेत आणि ते माझ्या जीपलाच राहणार." मंजुरीचा कागद फाडायची हिंमत माझ्यात नव्हती. मी तो आंघोळीच्या बंबात घातला.

मामांनी जॅक काढला, हात पुसले आणि म्हणाले, "बाई, च्या घ्या. निवतोय." इतक्या दिवसांनी मी पुन्हा बाई झाले.

पाऊस आर्द्रात आला. म्हशीचं श्रेय म्हशीला. त्याचं वर्णन मी करणार नाही. ज्यांनी तो पाहिला त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी नाही, त्यांना सांगून कळायचा नाही.

चौथ्या दिवशी दुपारी वरच्या वस्तीवरून निरोप आला. आक्काची सून अडली होती. आम्ही निघालो. रस्त्याचं काम काळवटीच्या तोंडाशी आलं होतं, पुढे फर्लांगभर खडी पडायची होती. मामा उतरले, पावसात अनवाणी चालून आले. "धरील," म्हणाले. जाताना खरंच धरलं, जीप डुलत पलीकडे गेली. वस्तीवर जाऊन मी पोरीला तपासलं. मूल आडवं होतं. नगरच्या मोठ्या दवाखान्यात नेण्यावाचून इलाज नव्हता. तिला मागच्या बाकावर निजवलं, मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. आक्का आत बसायला तयार नव्हती. "वजन व्हतंय," म्हणाली, आणि जीपमागून चालू लागली. तिला कुणी शिकवलं असेल, ते वेगळं सांगायला नको.

काळवटीच्या मधोमध चाकं फिरू लागली. जागच्या जागी. इंजिन ओरडत होतं आणि जीप खाली जात होती. मामांनी गिअर बदलून बघितले, मग उडी टाकली. चिखल बाजूला सारून त्यांनी मागच्या टायरच्या खाचेत बोट घातलं. बाहेर काढलेल्या हाताकडे नुसते बघत राहिले.

"दात न्हाई ऱ्हायलं, बाई," ते म्हणाले. "दगडानं खाल्लं समदं."

त्यांचा तो चेहरा मला अजून दिसतो. पन्नाशीचा माणूस, गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी चाकाखालचा चिखल उपसत होता आणि उपसलेला पुन्हा भरत होता. मागे पोरगी कण्हत होती. ही दुसरी, एवढंच माझ्या मनात येत होतं. त्यांच्याही मनात तेच असणार.

आक्कानं ओचा खोचला आणि कामाच्या दिशेनं तोंड करून एक हाक मारली. पोत्याच्या खोळी घेतलेल्या बाया आडोशाला बसल्या होत्या, त्या उठून आल्या. त्यांनी जीप बघितली, आतली पोर बघितली, आणि कुणी काही न सांगता घमेली उचलली. रस्त्याच्या कडेला प्रत्येकीचा खडीचा ढीग होता. आठवडाभर फोडलेली खडी. दुसऱ्या दिवशी तिचं माप व्हायचं होतं आणि त्या मापावर मजुरी मिळायची होती. बाया आपापल्या ढिगातून घमेली भरून आणू लागल्या आणि चाकांखाली ओतू लागल्या.

मुकादम छत्री घेऊन धावत आला. "अगं, माप व्हायचंय अजून त्याचं."

"घे की माप," आक्का म्हणाली. "चाकाखाली जाऊन घे."

किती घमेली पडली ते देव जाणे. काही ढीग पार सपाट झाले. मग मामा आत चढले, बायांनी मागून खांदे लावले, चाकांखाली खडी करकरली आणि जीप हिसका देऊन वर आली. झालेल्या रस्त्यावर आल्यावरच मामांनी ती थांबवली. आक्का मांड्यांपर्यंत चिखलानं भरलेली, धापा टाकत त्यांच्या बाजूला आली.

"मामा," ती म्हणाली, "लागला का चिखल?"

मामांनी तोंड उघडलं. इतके महिने तिला दर खेपेला एकच उत्तर दिलेलं त्यांनी. "लागला, आक्का," ते म्हणाले आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून ढसाढसा रडू लागले.

"मामा, रडायचं नंतर," मी मागून खेकसले. "गाडी हाणा." मीही रडतच होते, पण कुणीतरी डॉक्टर असायला हवं होतं.

ऑपरेशन झालं, मुलगी झाली. मायलेकी सुखरूप होत्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही केंद्रात परतलो. आयाबाईनं नेहमीप्रमाणे चाकापाशी चहा आणून ठेवला. मामा उकिडवे बसले. झिजलेल्या दातांच्या फटींत खडीचे तुकडे घट्ट रुतून बसले होते. त्यांनी करदोट्याचा चिमटा हातात घेतला, एका तुकड्याला लावला, थोडा वेळ तसाच धरला आणि परत खोचून ठेवला.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "बायांची हाय."

आणि चहा गरम होता तोवर प्यायले.